गरिबीची शपथ घेतलेल्या मंकांनी एवढं मोठं सोनेरी प्रकरण का बांधलं? ऑस्ट्रियातला मेल्क मठ, सोप्या भाषेत

युरोप टूर करून आलेल्या आपल्या लोकांच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास सापडतो, खाली डॅन्यूब नदी, वर कड्यावर पिवळी-पांढरी लांबच लांब इमारत, दोन मनोरे, मागे मोठा घुमट, आणि कॅप्शन असते 'ऑस्ट्रियातला राजवाडा'. तो राजवाडा नाहीये. तो मेल्कचा मठ आहे. १०८९ पासून तिथे बेनेडिक्टाइन पंथाचे ख्रिश्चन मंक राहतायत आणि आजही राहतात, शाळा चालवतात, प्रार्थना करतात, पुस्तकं सांभाळतात. सव्वानऊशे वर्षांहून जास्त झाली.

फोटो बघून राजवाडा वाटतो यात बघणाऱ्याची काही चूक नाही, कारण तो तसा वाटावा असाच बांधलाय. आणि मग आत गेलं की सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न येतो, की ज्यांनी गरिबीची शपथ घेतली त्यांना एवढं सोनं, एवढे खांब, एवढी चित्रं कशाला हवी होती? हा प्रश्न एकदम रास्त आहे, गाइड लोक तो घाईघाईत उडवून लावतात आणि पुढच्या खोलीत नेतात, पण माझ्या मते मेल्क समजून घ्यायचं असेल तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

आधी बेनेडिक्टाइन म्हणजे कोण ते बघू. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट होऊन गेला, त्याने मठात कसं राहायचं याची एक छोटी नियमावली लिहिली. दिवस प्रार्थना, काम आणि वाचन यांत वाटलेला, मठाधिपतीचं ऐकायचं, एका मठात गेलात की शक्यतो आयुष्यभर तिथेच, आणि स्वतःच्या मालकीचं काही म्हणजे काहीही ठेवायचं नाही, लिहायची लेखणीसुद्धा नाही. पण इथे एक बारीक गोष्ट आहे जी लक्षात आली की पुढचं सगळं सोपं होतं, मंकाच्या नावावर काही नसलं तरी मठाच्या नावावर असू शकतं. आपल्याकडे देवस्थानांना इनाम जमिनी असायच्या, गावं लावून दिलेली असायची, साधारण तसंच. राजे, सरदार, श्रीमंत बायका मठांना जमिनी, जंगलं, द्राक्षमळे देत गेले, शेतकऱ्यांकडून धान्याचा दहावा हिस्सा यायचा, आणि माणूस मरतो पण मठ मरत नाही, वाटण्या होत नाहीत, त्यामुळे शे-दोनशे वर्षांत मठ गडगंज व्हायचे. म्हणजे आत राहणारा मंक खरंच गरीब आणि तो ज्या संस्थेत राहतो ती मात्र त्या भागातली सगळ्यात मोठी जमीनदार. आणि हेही सांगायलाच हवं की ते सोनं शेवटी कुणाच्या घामातून आलं, तर त्या जमिनी कसणाऱ्या कुळांच्या, ज्यांची नावं मठात कुठे कोरलेली दिसत नाहीत.

मेल्कचा कडा आधी लष्करी होता. बाबेनबर्ग नावाचं घराणं ऑस्ट्रियाच्या त्या भागावर राज्य करायचं, हॅब्सबर्ग आले ते नंतर, त्या बाबेनबर्गांचा तिथे किल्ला होता. नदीवर लक्ष ठेवायला यापेक्षा चांगली जागा नाही. १०८९ मध्ये लिओपोल्ड दुसरा याने तो किल्ला लाम्बाखच्या मठातून आलेल्या मंकांना देऊन टाकला. पण जागा त्याच्याही आधी पवित्र झाली होती, कोलोमान या संतामुळे. हा कोलोमान आयर्लंडकडचा यात्रेकरू, जेरुसलेमला पायी निघालेला, १०१२ मध्ये व्हिएन्नाजवळच्या श्टोकराउ गावात लोकांनी त्याला पकडलं, कपडे वेगळे, भाषा कुणाला कळेना, म्हणजे नक्की शत्रूचा हेर, असं म्हणून फासावर लटकवलं. नंतर चमत्काराच्या कथा पसरल्या, चूक कळली, आणि १०१४ मध्ये त्याचा देह सन्मानाने मेल्कला आणला. आजही चर्चमध्ये त्याची समाधी आहे. परक्या माणसाला हेर समजून मारलं आणि नंतर तोच कित्येक शतकं ऑस्ट्रियाचा रक्षक संत म्हणून पुजला गेला, मला ही गोष्ट तिथल्या कुठल्याही सोनेरी मूर्तीपेक्षा जास्त मोठी वाटते.

पुढची चारशे वर्षं पटकन सांगतो. मंक हाताने पुस्तकं उतरवत राहिले, ११२३ पासून मठाची वार्षिक नोंदवही सुरू झाली ज्यात वर्षावर्षाला काय घडलं ते लिहीत गेले, बाराव्या शतकातच शाळा असल्याचे उल्लेख मिळतात, १२९७ मध्ये मोठी आग लागून मठाचं भयंकर नुकसान झालं, मग हळूहळू परत उभं राहिले. पंधराव्या शतकात मात्र मेल्कने एक मोठं काम केलं. तोवर बऱ्याच मठांमध्ये शिस्त सुटली होती, नियम कागदावरच राहिले होते, तेव्हा १४१८ मध्ये निकोलाउस झायरिंगर नावाचा मठाधिपती इथे आला आणि त्याने मूळ नियमावलीप्रमाणे जगणं परत सुरू केलं. ते बघून ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीतले कितीतरी मठ त्याच वाटेने गेले, या चळवळीला आजही मेल्कचंच नाव आहे. हे सांगण्याचं कारण असं की मेल्क म्हटलं की सगळे फक्त बरोक बरोक करतात (बरोक म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातली युरोपातली भव्य, नक्षीदार, सोनेरी थाटाची शैली), पण बरोक यायच्या आधी तो मठ सहाशे वर्षं जगलेला होता.

आता मुख्य मुद्दा, बरोक का आलं.

१५१७ नंतर मार्टिन ल्यूथरमुळे युरोपात ख्रिश्चन धर्मात फूट पडली. प्रोटेस्टंट म्हणाले की देव आणि माणूस यांच्या मधे एवढा पसारा नको, मूर्ती नको, मठ तर नकोच नको. ऑस्ट्रियातही सरदार आणि शेतकरी मोठ्या संख्येने तिकडे गेले, मेल्कमध्ये मंकांची संख्या घसरत घसरत अगदी मूठभरांवर आली, मठ बंदच पडायचा. मग हॅब्सबर्ग राजांनी जोर लावून देश परत कॅथलिक केला, त्यात जबरदस्तीही भरपूर झाली, आणि १६८३ मध्ये ऑटोमन फौजांचा व्हिएन्नाचा वेढा उठला तेव्हा तर कॅथलिक चर्च आणि राजघराणं दोघांनाही आपण जिंकलो असं वाटायला लागलं. या जिंकल्याच्या भावनेतून ऑस्ट्रियाभर बांधकामांची लाट आली. आणि प्रोटेस्टंट चर्चची साधी पांढरी भिंत बघितली की मग कॅथलिकांनी काय ठरवलं ते कळतं, आपण उलट करायचं, माणूस आत आला की त्याचे डोळे, कान, नाक सगळं भरून जायला हवं, उजेड, सोनं, धूप, ऑर्गनचा आवाज, वर उघडं पडलेलं आकाश, म्हणजे स्वर्ग कसा असेल ते त्याला वाचून नको तर अनुभवूनच कळू दे. ज्या काळात बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्या काळात हा विचार फार ताकदीचा होता.

१७०० मध्ये मेल्कला नवीन मठाधिपती मिळाला, बेर्टहोल्ड डीटमायर, वय फक्त तीस. याला राजकारण कळायचं, व्हिएन्नात त्याचं वजन होतं, आणि त्याला जुन्या मठाची डागडुजी नको होती, सगळं नवीन हवं होतं. त्याने याकोब प्रांटाउअर नावाच्या वास्तुकाराला धरलं. हा प्रांटाउअर मूळचा टिरोलच्या डोंगराळ भागातला, गवंडीकाम शिकलेला, पुढे शिल्पकाम केलेला, दरबारी नावाजलेला माणूस नव्हे, साइटवर उभा राहून काम करून घेणारा माणूस. १७०२ मध्ये चर्चचा पाया घातला आणि मुख्य काम १७३६ पर्यंत चाललं. आपल्याकडचा काळ डोळ्यापुढे आणायचा तर पाया घातला तेव्हा ताराबाई औरंगजेबाशी लढत होत्या, आणि काम संपत आलं तेव्हा पुण्यात शनिवारवाडा बांधून झाला होता. प्रांटाउअर १७२६ मध्ये गेला, त्याने पूर्ण इमारत बघितलीच नाही, उरलेलं काम त्याचा भाचा योसेफ मुंगेनास्ट याने पुरं केलं.

आता या इमारतीचा प्लॅन समजून घ्या, कारण खरी गंमत तिथे आहे. कडा अरुंद आणि लांब, इमारत पण तशीच, टोकापासून टोकापर्यंत सुमारे ३२० मीटर. पूर्वेच्या दारातून आत आलात की अंगणं लागतात, मग एक १९६ मीटरचा सरळ कॉरिडॉर, ज्याला सम्राटांचा मार्ग म्हणतात, कारण सम्राट आणि त्याचा लवाजमा आला की त्या बाजूच्या खोल्यांमध्ये उतरायचा. पश्चिमेच्या टोकाला नदीच्या बाजूला इमारत दोन हात पुढे करते, एका हातात संगमरवरी दालन, दुसऱ्या हातात ग्रंथालय, दोन्ही सारख्याच मापाचे, आणि दोघांच्या मधे, थोडं मागे, चर्च. दोन हात पुढे एका अर्धगोल गच्चीने जोडलेत. म्हणजे एका बाजूला राजसत्ता, दुसऱ्या बाजूला ज्ञान, दोघांनाही मान आहे, पण मधोमध आणि सगळ्यात उंच काय, तर देवघर. नदीतून बोटीने जाणाऱ्या कुठल्याही नावाड्याला एक अक्षर न वाचता हे कळत होतं. मला विचाराल तर अख्ख्या मेल्कमधली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच आहे, आतलं सोनं नंतर.

संगमरवरी दालनात सम्राट जेवायला बसायचे. नाव संगमरवरी, पण खरा दगड फक्त दारांच्या चौकटींना वगैरे, भिंतींवर आहे तो नकली संगमरवर. आता नकली म्हटलं की स्वस्तातली फसवणूक वाटेल, तसं अजिबात नाही. जिप्समच्या पुडीत सरस आणि रंग घालून तो गोळा कणकेसारखा मळायचा, वेगवेगळ्या रंगांचे गोळे एकमेकांत दाबायचे म्हणजे दगडासारख्या शिरा येतात, मग त्याचे काप काढून भिंतीवर थापायचे, वाळलं की घासायचं, भोकं भरायची, परत घासायचं, असं कितीतरी वेळा, आणि शेवटी तेल किंवा मेण देऊन चमक आणायची. कारागिराची मेहनत इतकी की हे काम कित्येकदा खऱ्या दगडापेक्षा महाग पडायचं. मग करायचं कशाला? कारण निसर्गात हव्या त्या रंगाचा, हव्या त्या शिरांचा दगड मिळत नाही, आणि इथे चित्रकाराने छताला जो रंग दिलाय त्याला जुळणारी भिंत बनवता येते. ओळखायची सोपी खूण म्हणजे हात लावून बघणं, दगड गार लागतो आणि हा त्या मानाने कोमट. (तिथे हात लावू देत नाहीत, आणि बरोबरच आहे.)

त्याच दालनाचं छत बघा. खाली उभं राहून वर पाहिलं की भिंतींच्या वर अजून खांब उभे आहेत, कमानी आहेत, त्यांच्या पलीकडे आकाश उघडलंय आणि त्यात अथीना देवी सिंहांच्या रथातून चाललीय असं दिसतं. प्रत्यक्षात छत जवळपास सपाट आहे. खांब, कमानी सगळं रंगवलेलं. आकृत्या पाउल ट्रोगर या चित्रकाराच्या, १७३१ च्या, आणि ती खोटी वास्तू रंगवणारा वेगळा माणूस, गाएतानो फांती, इटालियन, त्याची ती स्पेशालिटीच होती. युक्ती अशी की आधी एक जागा ठरवायची, दालनाच्या मध्यावर, तिथे उभ्या माणसाच्या डोळ्यापासून सगळ्या रेषा मोजायच्या आणि त्या छतावर अशा ताणून काढायच्या की खालून बघताना त्या सरळ उभ्या वाटाव्यात. मध्यावर उभे राहा, खांब ताठ दिसतात. तसेच वर बघत बघत भिंतीकडे चालायला लागा, खांब कलायला लागतात, कोसळतायत की काय असं वाटतं. नव्वद टक्के टुरिस्ट हे न करताच पुढे जातात म्हणून मुद्दाम सांगतोय. आणि हे सगळं ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर, म्हणजे फ्रेस्को, जेवढा भाग दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा, तो वाळायच्या आत रंग लागला पाहिजे, मग चुना हवेशी मिळून घट्ट होताना रंग आत धरून ठेवतो. चुकलं तर खोडरबर नाही, गिलावा फोडून परत. फळ्यांच्या मचाणावर उभं राहून, मान वर करून, आणि खालून कसं दिसेल ते फक्त डोक्यात ठेवून.

या दालनाच्या दारांवर लॅटिनमध्ये बेनेडिक्टच्या नियमावलीतलं वाक्य कोरलंय, की आलेल्या पाहुण्याचं स्वागत तो ख्रिस्तच आहे असं समजून करा. आपण अतिथी देवो भव म्हणतो तेच. म्हणजे सम्राटासाठी केलेल्या थाटामाटालासुद्धा आधार नियमावलीचाच घेतलाय. माझं प्रामाणिक मत असं की यात डीटमायरची चतुराई होती आणि श्रद्धाही होती, या दोन गोष्टी एका माणसात असू शकतात.

चर्चमध्ये मुख्य वेदीवर पीटर आणि पॉल हे दोन संत एकमेकांचा निरोप घेतायत, दोघंही मरणाला सामोरं जायला निघालेत, आणि त्यांच्या डोक्यावर प्रचंड मोठा सोनेरी मुकुट, वर वाक्य, की नियमाने झुंजल्याशिवाय मुकुट मिळत नाही. छतावर योहान मिखाएल रोटमायरने संत बेनेडिक्टचा स्वर्गात जाण्याचा प्रवास रंगवलाय. सोनं डोळ्यात भरतं हे खरं, पण त्या सोन्यात सांगितलेली गोष्ट दोन माणसांच्या मृत्यूची आहे हे एकदा कळलं की सगळं वेगळं दिसायला लागतं.

१७३८ मध्ये, काम हातावेगळं होतंय तोच, परत आग. छपरं गेली, मनोरे गेले, बरीच दालनं गेली. डीटमायर १७३९ मध्ये वारला. दुरुस्ती होऊन चर्चचा विधिवत अभिषेक झाला तो १७४६ मध्ये.

पण मेल्कवरचं सगळ्यात मोठं संकट आगीचं नव्हतंच, ते सरकारी होतं. सम्राट योसेफ दुसरा १७८० पासून एकटा राज्य करायला लागला, त्याचं म्हणणं असं की जे मठ शिकवत नाहीत, आजाऱ्यांची सेवा करत नाहीत, नुसती प्रार्थना करतात ते समाजाला निरुपयोगी. शेकडो मठ बंद केले, पुस्तकं, भांडी, जमिनी विकल्या. मेल्क वाचलं कारण मेल्ककडे शाळा होती आणि आसपासच्या गावांची चर्चं सांभाळायला मंक जात होते. एवढा दिमाख, पण त्या दिमाखाने नाही वाचवलं, मुलांना शिकवण्याने वाचवलं.

न वाचलेला मठ कसा दिसतो ते बघायला आपल्याला लांब जायला नको. जुन्या गोव्यात ऑगस्टिनियन पंथाचा प्रचंड मठ होता, मेल्कच्या बरोक इमारतीपेक्षा शंभर वर्षं जुना. पोर्तुगालने १८३४ मध्ये सगळे पुरुष पंथ बरखास्त केले, १८३५ मध्ये गोव्यातला मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चची कमान कोसळली, पुढे १९३१ मध्ये दर्शनी भागही गेला, आणि आता त्या टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा अर्धा मनोरा तेवढा उभा आहे, ४६ मीटर उंच. घंटा पणजीच्या चर्चमध्ये वाजते. वसईच्या किल्ल्यातही फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट लोकांच्या वास्तूंच्या भिंती उभ्या आहेत, वरचं आकाश खरं. दगड तोच, कारागिरी तोलामोलाची, फरक एवढाच की मेल्कमध्ये गळणारं छप्पर दिसलं की ते दुरुस्त करायला कुणीतरी घरात होतं.

ग्रंथालयाबद्दल दोन शब्दांत सांगून भागणार नाही. एकूण सुमारे एक लाख पुस्तकं, त्यात अठराशेच्या आसपास हस्तलिखितं आणि साडेसातशे अशी की जी छपाईच्या अगदी पहिल्या पन्नास वर्षांतली, म्हणजे १५०० च्या आधीची. मुख्य दालनात पुस्तकांना एकसारखी तपकिरी कातडी बांधणी आणि सोनेरी पुठ्ठे, वर परत ट्रोगरचं छत, आणि चार लाकडी पुतळे, धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान, वैद्यक आणि कायदा या चार विद्यांचे. गुटेनबर्गच्या बायबलची, म्हणजे युरोपात सुट्या खिळ्यांनी छापलेल्या पहिल्या मोठ्या पुस्तकाची, एक प्रतही इथे होती, पण पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात पैशाची दाणादाण उडाली, मठाला दुरुस्त्यांना पैसे नव्हते, तेव्हा १९२० च्या दशकात ती विकली, आज ती अमेरिकेत येल विद्यापीठात आहे. वाईट वाटतं, पण छप्पर की पुस्तक असा प्रश्न असेल तर छपराखाली बाकीची लाखभर पुस्तकं आहेत हेही बघावं लागतं.

आणि या ग्रंथालयातून अजून नवीन गोष्टी निघतात. जुन्या काळी चर्मपत्र महाग, त्यामुळे एखादं हस्तलिखित नकोसं झालं की त्याच्या पट्ट्या कापून दुसऱ्या पुस्तकाच्या बांधणीत वापरायचे. २०१९ मध्ये अशीच एक बोटभर रुंदीची पट्टी अभ्यासकांच्या हाती लागली, त्यावर प्रत्येक ओळीची थोडीच अक्षरं शिल्लक, पण त्यावरून ओळख पटली की ही एक मध्ययुगीन जर्मन कविता आहे, एका तरुणीचा तिच्याच गुप्तांगाशी चाललेला धीट वादविवाद. ही कविता आधी माहीत होती ती पंधराव्या शतकातल्या प्रतींवरून, आणि ही पट्टी निघाली १३०० च्या आसपासची. म्हणजे मध्ययुगात लोक असलं काही लिहीत नव्हते या समजाला मठाच्याच कपाटातून उत्तर मिळालं. १९९८ मध्ये निबेलुंगनलीड या जर्मन महाकाव्याचे तुकडेही इथेच असे सापडले होते.

संगीताचंही तसंच. योहान गेओर्ग आल्ब्रेख्ट्सबर्गर इथल्याच शाळेत शिकला, नंतर काही वर्षं इथेच ऑर्गन वाजवायला होता, आणि पुढे व्हिएन्नात बीथोवनला स्वररचनेचे धडे दिले ते त्याने. अकरा वर्षांचा मोझार्टही १७६७ मध्ये वडलांबरोबर जाताना इथे थांबून ऑर्गन वाजवून गेलाय.

नेपोलियन १८०५ आणि १८०९ मध्ये इथे मुक्कामाला होता. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझी जर्मनीत गेली तेव्हा शाळा मठाकडून काढून घेतली, १९४५ नंतर ती परत सुरू झाली. १९७८ ते १९९५ अशी सतरा वर्षं पूर्ण इमारतीची दुरुस्ती चालली आणि २००० मध्ये मेल्क ते क्रेम्स हा डॅन्यूबचा वाखाउ पट्टा युनेस्कोच्या यादीत आला. एक गोष्ट मला फार आवडते, आतल्या मोठ्या अंगणातली जुनी भित्तिचित्रं वाचवण्याच्या पलीकडे गेली होती, तेव्हा मंकांनी जुन्याची नक्कल करून घेतली नाही, त्या जागी आपल्या काळातल्या चित्रकारांकडून आधुनिक चित्रं काढून घेतली. काही लोकांना ती खटकतात, मला वाटतं डीटमायरनेही तेच केलं असतं, त्याने तरी कुठे जुन्याची नक्कल केली होती.

जाणार असाल तर व्हिएन्नाहून ट्रेनने तासाभरात मेल्क, स्टेशनवरून चालत वर. उन्हाळ्यात गेलात तर परतताना क्रेम्सपर्यंत बोटीने या, म्हणजे तो कडा नदीतून कसा दिसतो ते कळेल. बागेतला छोटा मंडप चुकवू नका, त्यात योहान बेर्गलने १७६० च्या दशकात दूरदेशीची माणसं, प्राणी आणि झाडं रंगवलीत. शाळेत आज नऊशेच्या आसपास मुलंमुली शिकतात, त्यामुळे सुट्टी नसेल त्या दिवशी गेलात तर अंगणात दप्तरं घेऊन पळणारी पोरं आडवी येतील, त्यांना आधी जाऊ द्या.